पोफळाईचा पहिला नारळ

नरहरीने चौथ्या प्रकरणाचं शेवटचं पान उलटून ठेवलं, चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसायला घेतला. पहिली तीन प्रकरणं वाचून झाली तेव्हा दर वेळी कृष्णकांतदादांनी मान डोलावून "छान उतरलंय" म्हटलं होतं. एकदा तर सुनेला हाक मारून धाकट्या भावासाठी दुसऱ्यांदा चहा मागवला होता. आता ते ओटीवर सुपारी न कातरता अडकित्ता हातात तसाच धरून बसले होते. जयवंतीने थोरल्या भावाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला वाटलं, आपण या खेपेला माहेरी आलोच नसतो तर बरं झालं असतं.

कारण या सगळ्याचं मूळ तिच्याच हातात होतं. गेल्या दिवाळीआधी सफाळ्याच्या घरी माळा साफ करताना तिला फडक्यात बांधलेले मोडी कागद सापडले होते. तिच्या सासऱ्यांचे पूर्वज आसपासच्या गावांचं लिहिणं-वाचणं बघत, त्यांच्या दप्तरातले ते उरलेसुरले. उंदरांनी कडा खाल्ल्या होत्या. सुनेने चुलीत घालू का म्हणून विचारलं, तेव्हा जयवंतीला आपला धाकटा भाऊ आठवला आणि तिने ते गाठोडं माहेरी खारवलीला पाठवून दिलं. त्यात काय आहे हे तिला कुठे ठाऊक होतं? मोडी वाचता येत होती ती फक्त नरहरीला.

नरहरीने लग्न केलं नव्हतं. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलं आणि गेली काही वर्षं खारवलीचा इतिहास लिहायचं वेड घेतलं. त्याला निमित्त झालं बोईसर स्टेशनावरचं एक बोलणं. तारापूरच्या बाजूला वीजघराचं काम निघालं, रोज बाहेरगावचे कामगार उतरू लागले, आणि त्यांच्यातला एक मुकादम नव्या आलेल्यांना सांगत होता, "इधर पहले कुछ था ही नहीं, खाली रेती थी." नरहरी त्याच बाकावर बसला होता. तो काही बोलला नाही, पण घरी आला आणि त्याच संध्याकाळी वहीवर पहिली ओळ लिहिली. मग ठाणं झालं, वसई झाली, मुंबईची दप्तरं झाली. गावातल्या प्रत्येक दगडाजवळ तो बसून आला. आता पुस्तक पालघरच्या छापखान्यात होतं, तीन प्रकरणं जुळून झाली होती, आणि चैत्र पौर्णिमेला, म्हणजे आठच दिवसांनी, गावदेवी पोफळाईच्या जत्रेत ते गावाच्या हाती द्यायचं ठरलं होतं.

चौथं प्रकरण पोफळाईचंच होतं. आणि पोफळाई म्हणजे सावे घराणं. फिरंग्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, अमलात देवळं पडू लागली तेव्हा बाळकोजी सावे या पूर्वजाने देवीचा चांदीचा मुखवटा डोक्यावर बांधून भरल्या खाडीतून पोहत नेला आणि फिरंगाण सुटेपर्यंत आपल्या विहिरीच्या कोनाड्यात लपवून ठेवला, ही गोष्ट या घरातलं पोर बोलायच्या आधी ऐकत आलेलं. म्हणून जत्रेचा पहिला नारळ सावे यांचा. गेली एकवीस वर्षं तो कृष्णकांतदादा फोडत होते. त्या दिवशी ते पहाटेपासून कुणाशी बोलत नसत, आणि नारळ एका घावात फुटला की वर्षभर त्याचा आनंद त्यांच्या चालण्यात दिसे.

सफाळ्याच्या गाठोड्यातला महजर वेगळंच सांगत होता. महजर म्हणजे पंचांसमोर झालेली जबानी. फिरंगाण सुटल्यावर दोन वर्षांनी खुद्द बाळकोजी सावे यानेच ती दिली होती. नरहरीने ती शब्दन् शब्द उतरवली होती आणि आत्ताच वाचून दाखवली होती: "देवीचा मुखवटा आपण राखो सकलो नाही. घरझडती होत होती. सबब मुरबियाचा रामा मेहेर याणे मासळीखाली घालून होडीतून नेला व एकोणीस वर्षे आपले घरी जतन केला. मारहाण जाली तरी त्याचे घरचे कोणी बोलले नाही. सबब यात्रेचा पहिला नारळ मेहेराचा." खाली बाळकोजीची निशाणी, नांगर. शेजारी रामा मेहेराची, वल्हं.

"हे छापायचं नाही," दादा अखेर म्हणाले.

आवाज चढला नव्हता. जयवंतीला तेच जास्त वाईट वाटलं. नरहरीनेही तेवढ्याच हळू आवाजात सांगितलं की मग पुस्तकच छापायचं नाही, कारण खरं ठाऊक असून खोटं लिहायला तो बसला नव्हता. यावर दादांनी वडिलांचं नाव काढलं, आजोबांचं काढलं. ते सगळे खोटे होते का, असं विचारलं. नरहरी म्हणाला, ते खोटे नव्हते, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग दादा जयवंतीकडे वळले आणि म्हणाले की सासरच्या माळ्यावरची अडगळ माहेरात आणून टाकायची तिला काय गरज होती. जयवंती एकसष्ट वर्षांची होती, तिला नातवंडं होती, तरी भावाच्या त्या एका वाक्याने तिचे डोळे भरून आले.

तेव्हा दारात उभी असलेली दमयंतीवहिनी, दादांची बायको, पुढे आली. चाळीस वर्षांत ओटीवर पुरुषांच्या बोलण्यात ती पडली नव्हती. तिने जयवंतीच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "वन्संना कशाला बोलता? कागद बोलतोय. त्याला काय ते विचारा."

दादांची सून सुलू, जिने काकांचं सगळं बाड आपल्या वळणदार अक्षरात छापखान्यासाठी उतरवून दिलं होतं, तीही हळूच म्हणाली की मामंजी, चौथं प्रकरण काढलं तर पुढच्या पाचांचा अर्थ लागणार नाही. घरातल्या दोन्ही बायका पलीकडे गेलेल्या दादांनी पाहिल्या. पण ते काही भोळे नव्हते. मामलेदार कचेरीत त्यांनी उभं आयुष्य काढलं होतं आणि मुद्दा कुठे पकडायचा हे त्यांना कळत होतं.

"कागद एकच आहे," ते म्हणाले. "दुसरा पुरावा दाखव. नारळ मेहेरांचा असता तर सव्वादोनशे वर्षांत एक तरी मेहेर तो मागायला आला असता. मुरब्यात कुणी अशी गोष्ट सांगतं का? तू विचारलंस?"

नरहरीने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. त्याने विचारलं नव्हतं. मुंबईच्या दप्तरात तो महिना महिना बसून आला होता. बैलगाडीने तीन तासांवरच्या मुरब्याला मात्र एकदाही गेला नव्हता. कोळीवाड्यात कागद मिळणार नाहीत, असं त्याने मनाशी धरून टाकलं होतं. त्याचा चेहरा पाहून जयवंतीला कळलं की दादांनी त्याला बरोबर जागी गाठलंय. आणि तिला हेही कळलं की आता आपण बोललो नाही तर हे दोघे उरलेलं आयुष्य एका घरात दोन चुली मांडून काढतील.

"मग विचारून येऊ या," ती म्हणाली. "तिघंही जाऊ. उद्याच."

दादांनी अट घातली. तिथे कागदाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, लोकांच्या तोंडी काही घालायचं नाही, नुसतं विचारायचं. नरहरी म्हणाला, हे तर मीच सांगणार होतो. चौथं प्रकरण वाचून झाल्यापासून ते दोघे एका गोष्टीवर एकमत झालेले जयवंतीने प्रथमच पाहिले.

सकाळी वाडीतल्या वेलची केळ्यांच्या दोन फण्या टोपलीत घालून ते निघाले. गाडीत भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले होते आणि मध्ये जयवंती. घाटगे मास्तरांची आमराई आली. मग दादांनी बोट करून विचारलं, इथे आपण कैऱ्या पाडताना सापडलो होतो, आठवतं का. नरहरी म्हणाला, सापडलो मी होतो, तुम्ही पळालात. जयवंतीला हसू फुटलं. ते तिने पदरात दाबलं, पण दादांच्या खांद्यांवरून तिला समजलं की त्यांनाही आवरत नाहीये. चैत्रातलं ऊन तोवर चांगलं चढलं होतं आणि समुद्राकडून वारा सुटला होता. मुरबे दिसू लागलं तसा बोंबील वाळत घातलेल्या मांडवांचा वास आला. दादांनी उपरणं नाकाला लावलं, मग कुणी पाहील म्हणून काढून घेतलं.

मेहेरांचं घर शोधावं लागलं नाही. पहिल्याच बाईने विचारलं, कुठले मेहेर, थोरले का धाकटे. थोरल्यांकडे पंढरी मेहेर दारात जाळं विणत बसला होता. पन्नाशीचा, काळासावळा, हसऱ्या डोळ्यांचा. खारवलीचे सावे आपल्या दारात कशाला आले, हे त्याला उमगेना, पण त्याने जाळं बाजूला सारलं, घोंगडी अंथरली, चहा टाकायला सांगितलं. आतून त्याची आई नवसी काठी टेकत आली. ऐंशीच्या पुढची होती, अंगाने चिमणीएवढी, पण आवाज मोठा.

नरहरीने वही उघडली आणि एकेक विचारत गेला. पोफळाईची काही जुनी गोष्ट या घरात सांगतात का? नाही. फिरंग्यांच्या वेळची काही? पंढरी म्हणाला, आजा एका मोठ्या वादळाचं सांगायचा, त्याआधीचं काही नाही. रामा नावाचा कुणी पूर्वज? "रामा दर पिढीत हाय," पंढरी हसून म्हणाला. "माजा पोरगा पन रामाच." खारवलीच्या जत्रेत यांच्या घराचा काही मान होता, असं कधी ऐकलं? यावर नवसीने मानच हलवली. "ती तुमची देवी, बाबा. आमी तिकडं कवा गेलो नाय. आमचं देऊळ हतंच हाय, बंदरावर."

चहा आला. दादांनी तो आवडीने घेतला. त्यांचा चेहरा सैल झाला होता. ते पंढरीला यंदा पापलेट कसं आहे, होडी कितव्या वर्षाची, असं विचारू लागले. नरहरीने वही मिटली. जयवंतीला धाकट्या भावाकडे बघवेना. दादा जिंकले याचा तिला राग नव्हता. पण नरहरी त्या मिटल्या वहीवर दोन्ही हात ठेवून, शाळा सुटल्यावर वर्गात एकटाच राहिलेल्या मास्तरासारखा बसला होता.

केळ्यांची टोपली आत द्यावी म्हणून ती उठली. आतल्या खोलीत उन्हातून आल्यामुळे तिला आधी काही दिसेना. चुलीपाशी सून मासळी साफ करत होती. पूर्वेच्या भिंतीशी एक बुटका लाकडी पाट मांडलेला दिसला, स्वच्छ पुसलेला. गुडघे दुखत होते म्हणून जयवंती त्यावर बसायला वाकली.

"त्यावर नको, बाय," सून झटकन म्हणाली. "तो पावनीचा."

जयवंती उठून उभी राहिली. कोण पाहुणी आलीय का, असं तिने विचारलं. सून हसली आणि म्हणाली की कुणी आलेलं नाही, पाट तसाच असतो. मग तिने जे सांगितलं ते ऐकता ऐकता जयवंतीने टोपली हातातून खाली ठेवली, बाहेर गेली आणि दोन्ही भावांना म्हणाली, "आत या. दोघंही या."

नवसी त्यांच्या मागोमाग आली. तिला यात विशेष काही वाटत नव्हतं. विचारलं म्हणून तिने सांगितलं. पाट कायम त्याच भिंतीशी असतो. घर दोनदा पाडून बांधलं, तरी पाट आधी बाहेर निघाला आणि आधी आत आला. दर मंगळवारी त्याच्यापुढे भाताचं पान वाढतात, वर नुसतं वरण.

"मासळी नाय?" नरहरीने विचारलं.

"नाय. पावनी मासळी खात नाय," नवसी म्हणाली. "कोळ्याच्या घरात मासळी न खानारी पावनी, म्हनून नवीन लगीन झालं तवा मी हसायची. सासूनं मना थोबाडलंय त्यासाठी."

ही पाहुणी कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारायचं नसे. नवी सून घरात आली की तिला पहिल्या दिवशी दोन गोष्टी सांगत: पाटावर बसायचं नाही, आणि पाहुणी कोण ते विचारायचं नाही. चैत्री पुनवेला मेहेरांची होडी पाण्यात जात नसे. त्या दिवशी खण आणि नारळ खाडीत सोडत. का, तर पाहुणी त्या दिवशी आपल्या घरी गेली.

"कुठल्या दिशेला सोडता?" नरहरीने विचारलं.

नवसीने काठी उचलून दाखवलं. काठी सरळ उत्तरेला, खारवलीकडे होती.

नरहरीला बोलायचं होतं. त्याचे ओठ हलत होते. पण त्याने शब्द दिला होता, म्हणून तो दादांकडे पाहू लागला. जयवंतीही पाहू लागली. दादा पाटासमोर उभे होते, हात पाठीमागे बांधून, कचेरीत उभे राहत तसे. त्यांनी नुसतं "बरं, निघू या" म्हटलं असतं तरी कुणाला काही कळलं नसतं. मेहेरांना तर मुळीच नाही.

"म्हातारे," ते नवसीला म्हणाले, "तुमची पाहुणी किती वर्षं राहिली इथे?"

"ते कोन मोजतं?" नवसी म्हणाली. "पावनी हाय तवर हाय. तिचे दिस मोजत बसायचे नसतात."

दादा खाली बसले. पाटावर नाही, पाटाच्या बाजूला जमिनीवर, शेणाने सारवलेल्या भुईवर, पांढऱ्या धोतरानिशी. आणि त्यांनीच सगळं सांगितलं. बाळकोजीचं, घरझडतीचं, मासळीखाली दडवलेल्या मुखवट्याचं, एकोणीस वर्षांचं. जबानीतली वाक्यं त्यांना तोंडपाठ होती. काल दुपारी एकदाच ऐकलेली वाक्यं दादांनी रात्रभर मनात घोळवली असणार, हे जयवंतीच्या तेव्हा ध्यानात आलं. पहिला नारळ मेहेराचा, हेही त्यांनी गाळलं नाही. शेवटी ते नरहरीकडे वळून म्हणाले, "मार खाल्ला तरी बोलले नाहीत, असं लिहिलंय ना तुझ्या कागदात? अरे, यांनी गुपित एवढं राखलं की आपल्या पोरांनाही सांगितलं नाही. नारळ मागायला येणार कोण?"

खोलीत सून मासळी तशीच टाकून उभी होती. पंढरी पाटाकडे पाहत होता. जन्मापासून रोज बघितलेला तो पाट आज त्याला अनोळखी वाटत असावा. मग तो म्हणाला की आम्हाला नारळ नको, सायेब. तुमच्या घरात इतकी वर्षं चाललाय तो चालू दे. पाहुणी कोण ते कळलं, एवढं पुरे झालं.

पण नवसीचं तेवढ्यावर भागणार नव्हतं. तिने काठी भुईवर आपटली.

"तुला नको आसंल," ती मुलाला म्हणाली. "मी साठ वरसं तिला भात वाढलाय. मना तिचं तोंड बगायचं हाय."

येताना गाडीत दोघे भाऊ समोरासमोर बसले आणि सगळी वाट भांडत आले. नरहरीचं म्हणणं, आता चौथं प्रकरण नव्याने लिहायला हवं, त्याला महिना लागेल, पुस्तक जत्रेला येऊ शकत नाही. दादांचं म्हणणं, महिना कशाला, आठ दिवसांत लिही, सुलू उतरवून देईल, छापखान्यात मी जाऊन बसतो. नरहरी म्हणाला की पाटाचं लाकूड कसलं ते विचारायचं राहिलं, आणि बाकीच्या मेहेरांकडेही जायला हवं, आणि खरं तर किनाऱ्यावरच्या प्रत्येक कोळीवाड्यात जायला हवं. आपण दहा वर्षं भलतीकडेच फिरलो. हे बोलताना तो इतका खूश दिसत होता की जयवंतीला वाटलं, पुस्तक पुढची दहा वर्षं काही निघत नाही.

झालंही तसंच. दादांनी पालघरला जाऊन छापखान्याला काम थांबवायला सांगितलं. मग त्यांनी गावची बैठक बोलावली आणि यंदा पहिला नारळ नवसीच्या हातून फोडायचं मांडलं. बैठकीत कमलाकांत राऊत म्हणून एक जण होते, त्यांना दर साली दुसऱ्या नारळाचा मान असे. कोळणीने पहिला नारळ फोडला तर आपण दुसरा फोडणार नाही, असं ते म्हणाले. दादांनी शांतपणे विचारलं की मग तिसऱ्या नारळाच्या मानकऱ्याचं नाव पुढे घेऊ का. राऊतांनी घाईघाईने सांगितलं की दुसरा आपलाच.

पौर्णिमेला सकाळी नवसीला आणायला गाडी घेऊन दादा स्वतः गेले. मेहेरांची होडी त्या दिवशीही पाण्यात गेली नव्हती, त्यामुळे सारं घर आलं, आणि त्यांच्याबरोबर अर्धं मुरबे. देवळापुढे पोफळींच्या सावलीत एवढी माणसं दाटली की जयवंतीला दमयंतीवहिनीचा हात धरून वाट काढावी लागली. नरहरी खांबाला टेकून वहीत लिहीत होता. सुलू त्याच्या शेजारी दौत धरून उभी होती.

नवसीने नवं हिरवं लुगडं नेसलं होतं. दादांनी तिला हाताला धरून पायऱ्या चढवल्या आणि गाभाऱ्यापुढे नेऊन नारळ तिच्या हातात दिला. तिने तो घेतला, पण फोडला नाही. ती मुखवट्याकडे बघत राहिली. लोक थांबले. वाजंत्रीवाल्यांनी सनई तोंडापासून दूर केली. पुजाऱ्याने दादांकडे पाहिलं, दादांनी मानेने त्याला थांब म्हटलं.

नवसी आणखी एक पाऊल पुढे झाली. चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन तिने देवीला नीट न्याहाळलं, माहेरवाशिणीला दारात थांबवून आई न्याहाळते तसं. मग ती दादांकडे वळली.

"बारीक झालीय," ती म्हणाली. "नीट जेवाया घालता ना तिला?"

कुणी हसलं नाही. कृष्णकांतदादांनी उपरण्याने डोळे टिपले आणि सगळ्या गावासमोर हात जोडले.

"घालतो, आई," ते म्हणाले. "पण तुझ्या हातचं तिला आवडत होतं."

नवसीला ते पटलं असावं. तिने नारळ दोन्ही हातांत धरून उचलला आणि पायरीवर आपटला.